कुत्र्याच्या काळजाचा ठेका

या सदरांत आजवर वृत्तें, व्रतें, वनस्पति आणि क्वचित् वादविवाद एवढेच विषय येऊन गेले. आज कुत्र्याच्या हृदयाचा विषय घेतलेला पाहून आमच्या कांहीं वृद्ध वाचकांच्या कपाळास आंठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस एवढीच विनंति कीं, पान उलटण्यापूर्वी त्यांनीं आपल्या ओटीवर, अंगणांत किंवा नातवंडांच्या खाटेखालीं एकदां नजर टाकावी. ज्या घरांत कुत्र्याच्या वांट्यास वैश्वदेवानंतरचा एक घांस येत असे, त्या घरांत आज त्याची निराळी थाळी आहे आणि निराळी गादीहि आहे. जो घरांतला झाला त्याचें दुखणेंहि घरांतलेंच झालें. तें दुखणें नीट समजून न घेतल्याची किंमत काय पडते, हें आम्हीं गेल्या वर्षी पाहिलें. चूक आमची होती आणि किंमत दुसऱ्या घरानें मोजली, म्हणून हा लेख.

आमच्या पेणेच्या घरीं मोत्या नांवाचा कुत्रा आहे. त्यास कोणी आणला नाहीं; एका श्रावणांत भिजत आला आणि राहिला. आमच्या मातोश्री हयात असत्या तर त्यास उंबरठा ओलांडतां आला नसता. आतां उंबरठा तोच आहे, परंतु मोत्या आंत आणि आम्ही ओटीवर, अशी स्थिति आहे. गेल्या वर्षी वैशाखांत एके दुपारीं तो आमच्या सतरंजीशेजारीं निजला असतां त्याच्या डाव्या कोपराच्या मागें बरगडीवर आमचा हात सहज पडला. तीन-चार ठोके जलद, मग एक लांब विराम, पुन्हां दोन जलद, पुन्हां विराम! छत्तीस वर्षें मुलांकडून लघुगुरु मोजून घेतल्यामुळें आमच्या बोटांना हिशेबाची खोड आहे; हें तर कोणत्याच वृत्तांत बसेना. आम्हीं घर जागें केलें. सूनबाई स्वयंपाकघरांतून हात पुसत आल्या, नातू रडूं लागला, आणि अर्ध्या तासांत आम्ही मोत्यास रिक्षांत घालून पशुवैद्यांच्या दारांत उभे होतों.

डॉक्टर तरुण होते. त्यांनीं नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलें आणि मग ती नळी आमच्याच कानांत दिली. म्हणाले, "मास्तर, ठोके मोजूं नका, त्याचा श्वास पाहात पाहात ऐका." पाहतों तों काय! छाती फुगली कीं ठोके जवळ येत. छाती बसली कीं लांब होत. यति होता, पण तो श्वासाच्या ठिकाणीं होता. निरोगी कुत्र्यांत हें अगदीं स्वाभाविक आहे. मेंदूपासून हृदयापर्यंत व्हेगस नांवाचा एक मज्जातंतु येतो. तो हृदयाचा लगाम होय. श्वास आंत घेतांना हा लगाम सैल होतो, सोडतांना ताणला जातो. माणसांच्या लहान मुलांतहि हा प्रकार दिसतो. कुत्र्यांत मात्र तो मोठेपणींहि ठळक असतो, आणि चपट्या नाकाच्या जातींत विशेष. कुत्रा धांवून आला, भ्याला किंवा चवताळला कीं लगाम सुटतो आणि ठोके जलद व एकसारखे होतात. याच्या उलट, स्वस्थ बसलेल्या कुत्र्याचे ठोके घड्याळासारखे एकसारखे व जलद चालूं लागले, तर कधीं कधीं तीच चिंतेची खूण असते. कारण थकलेलें हृदय शरीराच्या तगाद्यानें सतत हांकलें जात असतें व लगामास वाव राहात नाहीं.

हें ऐकून आम्हांस मोठें नवल वाटलें. आपल्याकडे शार्ङ्गधरानें नाडीच्या गतीस प्राण्यांच्या चालींची उपमा दिली आहे. वातानें नाडी जळू व सर्पासारखी वांकडी जाते, पित्तानें कावळ्या-बेडकासारखी उड्या मारते, कफानें हंसासारखी मंद चालते. प्राण्यांच्या चालीवरून माणसाची नाडी जाणणाऱ्या आमच्या लोकांनीं खुद्द प्राण्यांचीहि उपेक्षा केली नाहीं. घोड्यांसाठीं शालिहोत्र व हत्तींसाठीं पालकाप्य हीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. पण तीं राजाच्या दारचीं जनावरें. ओटीवरच्या कुत्र्याच्या छातीवर आम्हीं हात ठेवला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तोहि चुकून.

येथपर्यंत सारें ठीक झालें. परंतु अर्धें ज्ञान हातीं आलें म्हणजे माणूस तें वांटावयास निघतो, आणि छत्तीस वर्षें तोच धंदा केलेला असल्यास फारच तत्परतेनें निघतो.

रोह्यास आमच्या वडील भगिनीचें सासर आहे. ताईच्या घरीं लहानथोर मिळून चौदा माणसें. त्यांत ब्रूनो नांवाचा आठ वर्षांचा लॅब्रेडोर जातीचा कुत्रा. कुंडलिकेच्या पाण्यांत शिरला कीं बाहेर येण्याचें नांव न घेणारा. आषाढांत ताईचा दूरध्वनि आला. "अरे, ब्रूनो हल्लीं जिन्यावर दमतो. रात्रीं खोकतो. यांनीं त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला, तर म्हणतात कीं ठोके माझ्यासारखेच वेडेवांकडे पडताहेत." आमच्या मेहुण्यांस स्वतःस हृदयाच्या तालाचा विकार आहे, म्हणून त्यांचा हात तेथें गेला. आणि आम्हीं, ज्यांस मोत्यामुळें नुकतीच विद्या प्राप्त झाली होती त्यांनीं, ताईस तिकडून व्याख्यान दिलें! कुत्र्यांत ठोके वेडेवांकडे असावयाचेच, भिण्याचें कारण नाहीं, दमतो तो लठ्ठपणामुळें, खोकतो तो पावसाळ्यामुळें. ताईनें आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. धाकट्या भावाच्या शिकलेपणाचा तिला लहानपणापासून अभिमान आहे.

पंधरा दिवसांनीं दूधवाला आला असतां ब्रूनो भुंकत फाटकाकडे धांवला आणि वाटेंतच आडवा झाला. हातपाय ताणले, जीभ निळसर झाली, मिनिटाच्या आंत उठला आणि कांहींच झालें नाहीं अशा मुद्रेनें चहूंकडे पाहूं लागला. घरांतील कोणी मिरगी म्हणून कांदा हुंगवावयास धांवलें. येथें थांबून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण हा घोटाळा घरोघरीं होतो. मिरगींत कुत्र्याचे पाय बहुधा वल्ह्यासारखे हालतात, तोंडास फेंस येतो, मलमूत्र सुटतें, आणि शुद्धीवर आल्यावरहि तो कांहीं वेळ भ्रमिष्टासारखा वागतो. झटका पुष्कळदां विश्रांतींत किंवा झोपेंत येतो. हृदयाची मूर्च्छा बहुधा धांवतांना, उत्साहांत, खोकतांना येते. कुत्रा एकाएकीं कोसळतो आणि लवकरच सांवरतो. दोहोंत फरक करणें डॉक्टरांसहि नुसत्या वर्णनावरून कठीण जातें, म्हणून हातांत दूरध्वनि असेल तर त्या प्रसंगाचें चित्र टिपून ठेवावें. ताईच्या नातवानें तें टिपलें होतें, आणि पुढें मुंबईस डॉक्टरांनीं प्रथम तेंच पाहिलें.

रोह्याच्या डॉक्टरांनीं ब्रूनोच्या छातीवर नळी आणि मांडीच्या आंतल्या बाजूच्या नाडीवर बोटें, अशीं दोन्ही एकदम ठेवलीं. छातींत ठोके पडत होते फार. मांडींत नाडी लागत होती त्याहून कमी. म्हणजे कांहीं ठोके वायां जात होते. हृदय भरण्यापूर्वींच आकुंचन पावे, त्यामुळें त्या ठोक्याचें रक्त मांडीपर्यंत पोहोंचतच नसे. ही एक परीक्षा आम्हांस ठाऊक असती तर! मोत्याच्या प्रत्येक ठोक्यास नाडी होती, श्वासाशीं त्याचा मेळ होता आणि मिनिटाचा आंकडा ऐंशींच्या घरांत होता. ब्रूनोस या तिहींपैकीं एकहि नव्हतें. आम्हीं फक्त "वेडेवांकडे" हा एक शब्द ऐकला आणि दोन्ही कुत्र्यांस एकाच वर्गांत बसविलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे ताईकडील गाडी नागोठण्यावरून वडखळास येऊन पेणेस थांबली, आणि आम्ही तींत बसलों. रोह्याहून मुंबई सुमारें १२० किलोमीटर; ब्रूनोचें डोकें वाटभर आमच्या मांडीवर होतें आणि त्याचा श्वास आम्हांस धोतरावरून लागत होता. मुंबईंत जनावरांच्या उपचारांची परंपरा जुनी आहे. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं सुरू झालें, आणि त्याच्या आवारांतील रुग्णालयास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचें नांव आहे. महालक्ष्मी येथें टाटांच्या विश्वस्त संस्थेचें लहान जनावरांसाठींचें मोठें रुग्णालय २०२४ सालीं उघडलें. आम्हांस हृदयाचे जाणते डॉक्टर हवे होते, ते मिळाले.

ब्रूनोस उजव्या कुशीवर निजवून चारी पायांस चिमटे लावले आणि कागदावर रेघा उमटूं लागल्या. या हृदयालेखाच्या इतिहासांत कुत्र्याचा वांटा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १८८७ सालीं लंडनमध्यें ऑगस्टस वॉलर यांनीं मनुष्याच्या हृदयाचा पहिला विद्युत्-लेख घेतला. त्यांचा जिमी नांवाचा बुलडॉग कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते सभेंत हा प्रयोग करून दाखवीत. १९०९ सालीं रॉयल सोसायटींत असा प्रयोग झाल्यावर कुत्र्याचे हाल होतात म्हणून ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न विचारला गेला. जिमी मात्र स्वस्थ उभा असे. ब्रूनोहि स्वस्थ पडून होता. हाल चालले होते ते बाकावर बसलेल्या आमचे.

लेखांत मिनिटास २१० ठोके निघाले, आणि कोणत्याहि दोन ठोक्यांतलें अंतर सारखें नव्हतें. हृदयाचे चार कप्पे असतात; वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. निरोगी स्थितींत वरच्या उजव्या कप्प्यांतील एका बिंदूंतून इशारा निघतो, अलिंदें आकुंचतात, मग इशारा एका अरुंद वेशींतून खालीं उतरतो आणि निलयें आकुंचतात. ब्रूनोच्या अलिंदांत एका इशाऱ्याच्या जागीं शेंकडों इशारे एकदम उठत होते. पन्नास मुलांच्या वर्गांत मास्तर नसतांना जें होतें तेंच. अलिंदें आकुंचत नव्हतीं, नुसतीं थरथरत होतीं; आणि वेशींतून जे इशारे निसटतील त्यांप्रमाणें निलयें वाटेल तेव्हां धांवत होतीं. यास अलिंद-कंपन म्हणतात. मोठ्या देहाच्या जातींत हा विकार अधिक, कारण कंपन टिकून राहावयास अलिंद मोठें लागतें. आयरिश वुल्फहाउंड, ग्रेट डेन अशा महाकाय कुत्र्यांत तो कधीं कधीं हृदय इतर दृष्टींनीं चांगलें असतांहि आढळतो, आणि तसे कुत्रे वर्षानुवर्षें बरे राहूं शकतात. ब्रूनोचें तसें नव्हतें. ध्वनिलहरींच्या यंत्रांत पाहतां डावें निलय फुगलेलें, भिंती पातळ व दुबळ्या, आणि फुप्फुसांत पाणी. हृदयाचा स्नायु आधीं थकला, अलिंद ताणलें, आणि मग ताल बिघडला, असा क्रम होता.

मेहुणे बरोबर होते. त्यांचाहि विकार नांवानें हाच. त्यांनीं खिशांतून स्वतःच्या गोळ्या काढून विचारलें, "यांतली अर्धी दिली असती तर चाललें असतें का?" डॉक्टरांनीं गोळीचें नांव वाचलें आणि शांतपणें म्हणाले, "बरें झालें दिली नाहीं." ती गोळी हृदयाची गति मंद करतांना त्याचा जोरहि कमी करणाऱ्या जातीची होती, फुप्फुसांत पाणी असतांना तिनें ब्रूनोस कदाचित् त्याच रात्रीं नेलें असतें. एकच नांव असलेला रोगहि दोन देहांत निराळा वागतो. माणसाच्या थरथरत्या अलिंदांत रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचें भय असतें, म्हणून मेहुण्यांस रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालूं आहे. कुत्र्यांत अशी गुठळी होऊन अर्धांग येणें विरळा, म्हणून ब्रूनोस तें दिलें नाहीं. माणसांत विजेच्या धक्क्यानें ताल पुन्हां जाग्यावर आणण्याचा यत्न पुष्कळदां करतात. दुखऱ्या हृदयाच्या कुत्र्यांत तो फार दिवस टिकत नाहीं, म्हणून तेथें ताल सुधारण्यापेक्षां वेग आवरण्याकडे लक्ष देतात.

मग ताईनें तो प्रश्न विचारला, जो विचारण्याचें धैर्य आम्हां दोघां पुरुषांस झालें नव्हतें. "डॉक्टर, हा किती दिवस?"

आयुर्वेदांत औषधापूर्वी साध्यासाध्यविचार सांगितला आहे. रोग सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य कीं असाध्य, हें आधीं ठरवावें, मग हात घालावा. यांतील याप्य हा शब्द आम्हांस नेहमींच फार मार्मिक वाटत आला. याप्य म्हणजे जो बरा होत नाहीं, परंतु औषध चालूं आहे तोंवर आवरून धरतां येतो. सुश्रुतानें यास पडाऊ घरास लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. पावसाळ्यांत आमच्या कोंकणांत अशी एकादी भिंत प्रत्येक आळींत असते. टेकूनें ती नवी होत नाहीं. पण चातुर्मास काढते, आणि चांगल्या सुताराचा टेकू असेल तर दोन-तीन चातुर्मासहि.

डॉक्टरांनीं संस्कृत शब्द योजले नाहींत, पण सांगितलें तें हेंच. हृदयाचा स्नायु पूर्ववत् होणार नाहीं. पाणी उतरलें आणि वेग आवरला तर कांहीं महिने, कदाचित् वर्ष किंवा त्याहून अधिक मिळेल. नाहीं आवरला तर थोडे आठवडे. पहिल्या पंधरवड्यांत पुष्कळसें कळेल. एकाएकीं मृत्यु येणेंहि शक्य आहे, आणि तें घरांतल्या सर्वांनीं, मुलांनींसुद्धां, ठाऊक करून घेतलेलें बरें. वेग म्हणजे दवाखान्यांतला नव्हे, कारण तेथें भीतीनें तो वाढलेलाच असतो. छातीस यंत्र बांधून चोवीस तास घरीं टिपलेला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ज्या कुत्र्यांची अशी सरासरी १२५ च्या खालीं राहिली, ते इतरांहून पुष्कळच अधिक जगले. म्हणून डॉक्टरांनीं तोच आंकडा लक्ष्य म्हणून लिहून दिला.

आम्हीं परत निघतांना त्यांस एकीकडे घेऊन विचारलें कीं, पंधरा दिवस आधीं आणला असता तर? त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. बहुधा त्यांस उमगलें. म्हणाले, "स्नायु वाचला नसता. मूर्च्छा आणि हें पाणी मात्र बहुधा टळलें असतें." हें उत्तर आम्हीं ताईस त्याच गाडींत सांगून टाकलें. ती खिडकीबाहेर पाहात राहिली. पनवेल गेल्यावर म्हणाली, "तूं काय डॉक्टर आहेस? मी विचारलें हीच चूक." आम्हांस तिनें रागावलेलें अधिक सोसलें असतें.

औषधें चार लागलीं. पाणी उतरविणारें फ्युरोसेमाइड, हृदयास जोर देणारें पिमोबेंडान, आणि वेशीवर पहारा वाढविणारीं डिल्टियाझेम व डिगॉक्सिन; हीं शेवटचीं दोन मिळून एकेकट्यापेक्षां वेग अधिक चांगला आवरतात. डिगॉक्सिन हें डिजिटालिस जातीच्या वनस्पतींतून मिळतें. विलायतेंतील विदरिंग या वैद्यानें १७८५ सालीं डिजिटालिसच्या पानांवर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून तें शास्त्रांत आहे. औषध आणि विष यांत येथें फार थोडें अंतर असतें. कुत्र्यानें अन्नावरची वासना सोडली, ओकाऱ्या झाल्या, तर मात्रा जास्त झाली असें समजून लगेच डॉक्टरांस कळवावें. आपल्या मनानें एक गोळीहि वाढवूं नये. आणि याच गुणाचें विष आपल्या परसांत उभें आहे, याचें भान किती जणांस असेल? पूजेच्या फुलांसाठीं लावलेली कण्हेर व पिंवळी बिट्टी, दोन्ही हृदयाच्या तालावर घाला घालतात. बिट्टीची फळें खेळतां खेळतां चघळणारें पिल्लू मरूं शकतें. गळलेलीं फळें रोज झाडून टाकणें एवढें तरी करावें. पावसाळ्यांत अंगावर फोड असलेला मोठा बेडूक कुत्र्यानें तोंडांत धरला तर त्याच्या कातडींतील रसानेंहि ताल बिघडतो. लाळ गळूं लागली कीं तोंड बाहेरच्या दिशेनें पाण्यानें धुऊन, कुत्र्यास तसाच उचलून दवाखाना गांठावा. अशा प्रसंगांत वेळेवर उपाय झाला तर हृदय पुन्हां पूर्ववत् होतें. यास आम्ही सुखसाध्य म्हणणार नाहीं, पण साध्य खचित म्हणूं. खरे सुखसाध्य ते, ज्यांत हृदय निर्दोष असून दुसऱ्याच अवयवाच्या दुखण्यानें ठोके चुकतात. प्लीहेंत गांठ झालेल्या कुत्र्याचे ठोके ती काढल्यावर बहुधा आपोआप सुधारतात. अर्थात् ती गांठ कोणत्या जातीची, हा प्रश्न निराळा उरतोच.

बॉक्सर व डोबरमन पाळणाऱ्यांस दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. या जातींत खालच्या कप्प्यांतून अवेळीं ठोके उठतात, आणि पुष्कळदां बाह्यतः तगडा दिसणारा कुत्रा धांवतां धांवतां कायमचा पडतो. तेथें पहिलें लक्षण हेंच शेवटचें होऊं शकतें. म्हणून डोबरमनच्या धन्यानें तो तीन-चार वर्षांचा झाल्यापासून दरवर्षी चोवीस तासांचा लेख काढावा. दिवसांत पन्नासाहून अधिक अवेळचे ठोके निघाले तर रोगाचा संशय धरून पुढील तपासण्या कराव्या. लक्षणें नसतांनाच हृदय वाढलेलें सांपडलें आणि पिमोबेंडान सुरू केलें, तर हृदयाचा ऱ्हास किंवा आकस्मिक मृत्यु सुमारें नऊ महिने लांबतो, असें २०१२ सालच्या एका संशोधनांत दिसलें. कुत्र्याच्या आयुष्यांतले नऊ महिने म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

आणि एक प्रकार मंद हृदयाचा. वरचा इशारा वेशींतून मुळींच उतरत नाहीं, खालचे कप्पे आपल्या मतीनें मिनिटास तीस-चाळीस ठोके कसेबसे मारतात, आणि कुत्रा वारंवार मूर्च्छित होतो. यावर गोळ्यांचा फारसा उपयोग नाहीं. छातींत कृत्रिम चालक बसवावा लागतो. परदेशांत हें १९६० नंतरच्या दशकापासून होत आलें आहे; आपल्याकडे दिल्लींत २०२० सालीं एका कॉकर स्पॅनियल कुत्रीस असा चालक बसविल्याचें वाचलें होतें. खर्च कोणासहि सहज झेपणारा नाहीं. परंतु रोग फक्त तारेचा असून स्नायु चांगला असेल तर असा कुत्रा त्यानंतर वर्षानुवर्षें जगतो. सर्वांत भयंकर दिसणारा विकार कधीं कधीं सर्वांत साध्य निघतो आणि आमच्यासारख्यांस "स्वाभाविक" वाटलेला याप्य निघतो, हें पाहून आमचा कानानें निदान करण्याचा हव्यास पार गेला.

रोह्यास आतां एक वही आहे. डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं घरच्या माणसांनीं ठोके मोजण्याच्या भरीस पडूं नये. कुत्रा गाढ झोपला असतां त्याचे श्वास मोजावे. छाती वर गेली व खालीं आली म्हणजे एक. मिनिटास तीसच्या आंत असावे. त्यावर चढूं लागले आणि पुन्हां मोजूनहि तेंच निघालें, तर फुप्फुसांत पाणी भरत आहे असें समजावें. हें काम ताईच्या दहा वर्षांच्या नातीनें आपणहून घेतलें. घरांत वडील माणसांनीं ठरविलें होतें कीं मुलांस कांहीं सांगावयाचें नाहीं, ब्रूनोस सर्दी झाली आहे एवढेंच म्हणावयाचें. पण रोज रात्रीं जी आंकडा लिहिते तिच्यापासून काय लपणार? एके रात्रीं तिनें आजीस उठवून सांगितलें, "आजी, चौतीस. दोनदां मोजले." त्या रात्रीं डॉक्टरांस विचारून पाण्याच्या औषधाची मात्रा वाढविली, पहाटेपर्यंत घर जागलें, आणि आंकडा सत्तावीसवर आला. दुसऱ्या दिवशीं ताईनें नातीस जवळ बसवून सारें खरें सांगितलें. नात म्हणाली, "मला ठाऊक होतें. तुम्हांला ठाऊक आहे कीं नाहीं तें मला कळत नव्हतें."

चोवीस तासांच्या दुसऱ्या लेखांत ब्रूनोची सरासरी ११८ निघाली. आतां त्यास अकरा महिने झाले. नदींत पोहणें बंद आहे, जिना बंद आहे, दूधवाल्यास फाटकाबाहेर थांबण्याची ताकीद आहे. सकाळसंध्याकाळ आठ वाजतां मेहुणे स्वतःची डबी उघडतात तेव्हां ब्रूनो आपण होऊन त्यांच्या गुडघ्याशीं येऊन बसतो, आणि दोघांच्या गोळ्यांची अदलाबदल होऊं नये म्हणून ताईनें ब्रूनोच्या डबीस तांबडा दोरा बांधला आहे. गेल्या आठवड्यांत आम्ही चार दिवस तेथें होतों. रात्रीं नात वही घेऊन त्याच्या गादीपाशीं मांडी घालून बसली आणि आम्हांस तोंडावर बोट ठेवून गप्प राहण्यास सांगितलें. आम्ही घड्याळ धरलें, तिनें मोजलें. तेवीस झाले.